घोड्याची झूल : थंडीत जनावर सांभाळा, रोजी सांभाळली जाईल

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले की कापड दुकानात दोन प्रकारचे गिऱ्हाईक वाढते. एक लग्नाचा बस्ता बांधणारे आणि दुसरे रजई-ब्लँकेट घेणारे. याच दिवसांत तिसरे एक गिऱ्हाईक येते, ते म्हणजे घोडेवाला. त्याला झुलीसाठी कापड हवे असते. तो कापड हातात घेतो, चिमटीत धरून जाडी बघतो आणि म्हणतो, "सेठ, सर्वांत जाड द्या."

बरीच वर्षे मीही सर्वांत जाड कापड काढून देत होतो. गिऱ्हाईक मागेल ते द्यावे हा दुकानदारीचा पहिला धडा आहे. परंतु काही वर्षांपूर्वी वरातीचा घोडा ठेवणाऱ्या एका भाईंनी माझ्या सांगण्यावरून आतून रुई भरलेले आणि वरून रेक्झीन लावलेले कापड नेले. रात्री वरात संपली. घोडा दोन तास बँडपुढे नाचून घामाघूम झालेला होता. मालकाने प्रेमापोटी लगेच झूल घातली, पट्टे आवळले आणि तो झोपला. सकाळी झूल काढली तर घोडा आतून चिंब ओला होता आणि थरथरत होता. दोन दिवसांत खोकला आणि ताप आला. डॉक्टर म्हणाले की ओल आणि गारठ्याने जनावराची ताकद घटली आणि छातीत जंतूंनी घर केले. भर लग्नसराईत तीन आठवडे घोडा बांधून राहिला. घेतलेल्या सुपाऱ्या परत कराव्या लागल्या.

त्या भाईंनी माझ्याकडे तक्रार केली नाही. "किस्मत" एवढेच म्हणाले. पण ती किस्मत नव्हती, माझे कापड होते. त्यानंतर मी जनावरांच्या डॉक्टरांना आणि जुन्या मोतद्दारांना विचारून जे समजून घेतले, ते आज कापडवाल्याच्या नजरेने मांडतो आहे. आपल्या समाजात टांगेवाले, वरातीचे घोडेवाले, माथेरान-महाबळेश्वरला पर्यटकांना रपेट देणारे, नालबंद आणि खोगीर शिवणारे बरेच भाई आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा.

घोड्याची थंडी वेगळी असते

माणसाला थंडी वाजली म्हणजे घोड्यालाही वाजतेच असे नाही. निरोगी घोड्याच्या शरीराचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट असते. ते टिकवण्याची सोय अल्लाहतआलाने त्याच्या अंगावरच करून ठेवली आहे. दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर दाट केस येऊ लागतात. थंडी वाढली की हे केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा अडकून बसते.

रजईचे तत्त्वही हेच आहे. पिंजारी भाई जुनी रुई पुन्हा का पिंजतात? रुई दबली की तिच्यातली हवा निघून जाते आणि रजई गरम राहत नाही. ऊब रुईत नसते, रुईत अडकलेल्या हवेत असते. घोड्याचे उभे केस म्हणजे त्याची अंगावरची रजई समजा.

हिवाळी केस पूर्ण आलेला, कोरडा, पोट भरलेला आणि वाऱ्यापासून आडोशाला असलेला घोडा शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंतही तग धरतो. परंतु ज्याच्या अंगावर उन्हाळी आखूड केस आहेत किंवा ज्याचे अंग ओले आहे, त्याला सुमारे ५ अंशांपासूनच शरीर गरम ठेवण्यासाठी जास्त ताकद खर्च करावी लागते. आपल्याकडे निफाडसारख्या ठिकाणी कडाक्याच्या रात्री पारा ५ अंशांच्या खाली जातो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात. पण आपल्याकडची दुपार गरम असते, म्हणून घोड्याचे केस डोंगरी मुलखातल्यासारखे दाट होत नाहीत. मारवाडी आणि काठियावाडी घोडे तर मुळातच बारीक केसांचे आणि पातळ कातडीचे. त्यामुळे आपल्या भागात झुलीची गरज नाही असे म्हणता येणार नाही, पण ती सगळ्यांना सारखी नाही.

झुलीची खरी गरज कोणाला? म्हाताऱ्या घोड्याला, हाडे दिसणाऱ्या अशक्त घोड्याला, आजारातून उठलेल्याला, लहान शिंगराला, शोभेसाठी अंगाचे केस कापलेल्या घोड्याला, आणि गरम मुलखातून नुकत्याच आणलेल्याला. धट्टाकट्टा, केसाळ तट्टू आडोशाला बांधलेले असेल तर त्याला झुलीवाचून चालते. उलट अशा तट्टावर पातळ, घट्ट झूल आवळली तर त्याचे केस दबतात आणि अंगची रजई निकामी होते.

खरा शत्रू ओल आणि वारा

कोरडी थंडी घोडा सोसतो. ओल आणि वारा एकत्र आले की तो हरतो. पावसाने, दवाने किंवा घामाने केस ओले झाले की ते अंगाला चिकटतात. त्यातली हवा जाते आणि पाणी अंगातली ऊब खेचून घेते.

म्हणून काम संपल्यावरची पहिली २०-३० मिनिटे महत्त्वाची आहेत. घोडा घरी आणला की लगेच बांधू नका. श्वास शांत होईपर्यंत संथ फिरवा. खोगीर काढून पाठ कोरड्या पेंढ्याच्या बोळ्याने किंवा जाड सुती कापडाने चोळा. केस मोकळे झाले की खरारा करा. तळवा केसांत उलट्या दिशेने घालून कातडीपर्यंत न्या. बोटांना ओल लागली तर घोडा अजून कोरडा नाही.

रात्री उशीर झाला आणि तेवढा वेळ नसेल तर जुन्या मोतद्दारांची एक युक्ती करा. घोड्याच्या पाठीवर कोरडा पेंढा किंवा गवत पसरा आणि त्यावर मोकळ्या विणीचे गोणपाट टाकून सैल बांधा. पेंढ्यामुळे मधे हवा खेळते, घामाची वाफ बाहेर पडते आणि वारा थेट लागत नाही. तासाभरात अंग कोरडे झाले की पेंढा काढून कोरडी झूल घाला. याला पैसा लागत नाही. त्या रात्री आमच्या भाईंनी एवढेच केले असते, आणि हे मी त्यांना कापड देतानाच सांगितले असते, तर नुकसान टळले असते.

कोणते कापड घ्यावे?

आता माझ्या धंद्याची गोष्ट. झुलीच्या कापडाला तीन प्रश्न विचारा. ते हवा धरून ठेवते का? आतली वाफ बाहेर सोडते का? ओले झाले तर किती वेळात सुकते? जाडी हा चौथा प्रश्न आहे, पहिला नाही.

गोणपाट : तागाचे कापड स्वस्त असते आणि वाफ बाहेर सोडते. पण वारा कमी अडवते, ओले झाले की जड होते आणि कातडीला घासते. आतून सुती अस्तर लावले तर कामचलाऊ झूल होते. खताची किंवा औषधाची गोणी कधीही वापरू नका. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या विणीच्या गोण्या म्हणजे ताग नव्हे. त्या वाफ नीट सोडत नाहीत आणि घाम शोषत नाहीत.

घोंगडी : दख्खनी मेंढीच्या लोकरीची हातमागाची घोंगडी ही आपल्या मातीतली उत्तम झूल आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून किंचित घाम असला तरी आतले अंग गार पडत नाही. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, त्यामुळे ती कडक लागते. एकदा साध्या गार पाण्यातून काढून सावलीत वाळवली की मऊ पडते. कातडीला टोचू नये म्हणून खांद्याच्या भागात आतून गुळगुळीत अस्तर लावावे.

पानिपतचे ब्लँकेट : बाजारात स्वस्तात मिळणारे करडे ब्लँकेट बहुतेक शॉडीचे असते, म्हणजे जुने लोकरी कपडे फाडून त्यांच्या धाग्यातून पुन्हा विणलेले. त्यात लोकर किती आणि कृत्रिम धागा किती, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी आमच्या धंद्यातली साधी परीक्षा करा. काठाचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरली की भुगा होतो. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो. भुगा जास्त असेल तर माल झुलीसाठी चांगला. नुसते मणीच झाले तर लोकरीचा भाव देऊ नका.

सोलापुरी चादर : सूत मऊ असते, वारंवार धुता येते. झुलीच्या आत अस्तर म्हणून उत्तम आहे. पण एकटी चादर थंडीची झूल नव्हे, कारण ओले सूत लवकर सुकत नाही आणि अंगाला गार लागते.

फ्लीस : पॉलिस्टरचे हे मऊ कापड ओल बाहेर ओढते आणि लवकर सुकते. घाम सुकवण्याच्या झुलीसाठी चांगले आहे. वारा मात्र आरपार जातो आणि गवत चिकटते. आगीपासून दूर ठेवावे. लांब लवेचे मिंक ब्लँकेट घोड्यासाठी घेऊ नये. त्यात काड्या आणि केस इतके अडकतात की ते धुता येत नाही.

रेक्झीन, ताडपत्री, प्लॅस्टिक : बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसाच आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. अवकाळी पावसात घोडा उघड्यावर सापडला तर तेवढ्यापुरते टाकावे. रात्रभर कधीही ठेवू नये.

घोड्याच्या साजाचे मोठे केंद्र कानपूर आहे. तिकडून निर्यातीतला उरलेला तयार मालही बाजारात येतो. त्यावरचे आकडे समजून घ्या. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. ६०० पेक्षा १,२०० डेनियरचा धागा जाड, म्हणून वरचे कापड कमी फाटते. त्याचा उबेशी संबंध नाही. ऊब कळते ती भरावावरून. १००, २०० किंवा ३०० ग्रॅम असे लिहिलेले असते, ते एका चौरस मीटरमधल्या भरावाचे वजन असते. आपल्या हवेला बहुतेक घोड्यांना १०० ते २०० ग्रॅम भराव पुरतो. ३०० ग्रॅमचा माल बर्फाळ मुलखासाठी आहे. इथे तो सकाळी ऊन चढल्यावर घोड्याला घामाने भिजवतो.

सर्वांत शहाणपणाचा सौदा म्हणजे एका महाग झुलीऐवजी दोन साध्या झुली. एक फ्लीसची किंवा गोणपाटाची, घाम सुकवायला, आणि दुसरी घोंगडीची किंवा लोकरी ब्लँकेटची, रात्रीसाठी. एक ओली झाली तर दुसरी हाताशी असते.

माप आणि शिलाई

छातीच्या मधोमध फीत धरून खांद्यावरून, अंगाच्या बाजूने शेपटीच्या मुळाशी येणाऱ्या रेषेपर्यंत मोजा. हीच झुलीची लांबी. मध्यम उंचीच्या घोड्यात ती ६६ ते ७२ इंच भरते. ६० बाय ९० इंचांचे ब्लँकेट घेतले तर लांबीत १८-२४ इंच उरतात. ते पुढे छातीवर एकमेकांवर येणाऱ्या पट्ट्यासाठी वापरा. ६० इंच रुंदी पाठीच्या कण्यापासून दोन्ही बाजूंना ३० इंच येते. तट्टाला ती पुरते. ६० इंचांहून उंच घोड्याला मात्र दोन्ही बाजूंना चार-पाच इंचांची पट्टी जोडावी.

दर्जी भाईंनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा असतो तिथे शिवण येऊ देऊ नका, तिथेच जखम होते. झूल त्या उंचवट्याच्या थोडी पुढे बसली पाहिजे. छातीपाशी चार बोटे सहज जातील एवढी सैल ठेवा. पोटाखालचे पट्टे एकमेकांना ओलांडून फुलीसारखे घ्या आणि पोट व पट्टा यांत तळहात आडवा जाईल एवढी जागा सोडा. पट्टा लोंबला तर घोड्याचा पाय अडकतो. सुतळीने करकचून बांधलेली झूल रात्री फिरून पोटाखाली येते आणि घाबरलेला घोडा स्वतःला जखमी करून घेतो.

झूल रोज सकाळी काढा, उन्हात टाका, अंगाला खरारा करा आणि खांदे तपासा. आठ-आठ दिवस न काढलेल्या झुलीखाली खरूज, जखमा आणि उतरलेले मांस लपून राहते. एका घोड्याची झूल दुसऱ्याला घालू नका. कातडीचे रोग असेच पसरतात.

आतली शेगडी : चारा आणि पाणी

घोड्याची खरी शेगडी त्याच्या पोटात असते. गवत आणि कडबा मोठ्या आतड्यात आंबतो तेव्हा ऊब तयार होते. दाण्यापेक्षा वैरणीतून ही ऊब जास्त मिळते. म्हणून थंडीत चंदी एकदम वाढवण्याऐवजी वैरण वाढवा. घोड्याला वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडी वैरण लागते. ३५० किलोच्या घोड्याला ७ किलो. कडाक्याच्या दिवसांत त्यात एक-दीड किलो वाढवा आणि मोठा वाटा रात्री द्या, म्हणजे पहाटेपर्यंत शेगडी पेटती राहील. हरभऱ्याची चंदी अचानक दुप्पट केली तर पोटशूळ होतो, खूर सुजून घोडा कायमचा लंगडाही होऊ शकतो.

पाण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. हौदातले रात्रभराचे गार पाणी घोडा कमी पितो. वैरण कोरडी आणि पाणी कमी, म्हणजे आतड्यात चारा अडकून शूळ उठतो. कामाच्या घोड्याला दिवसाला साधारण २० ते ३५ लिटर पाणी लागते. पहाटे विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी कोमट असते, ते द्या. चंदीत रोज ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे मीठ घाला. घोडा आपोआप पाणी पितो.

काही लोक थंडीत घोड्याला दारू पाजतात. आपल्यासाठी ती हराम आहेच, पण जनावरालाही तिचा फायदा नाही. दारूने कातडीकडे रक्त धावते आणि क्षणभर गरम वाटते, पण तीच ऊब अंगाबाहेर निघून जाते.

तबेला बंद पेटी करू नका

थंडी म्हणून तबेल्याच्या सगळ्या फटी पोत्यांनी बंद करतात. मग मुताचा उग्र वायू आणि धूळ आत कोंडते आणि घोड्याला खोकला लागतो. वारा अंगावर येऊ नये, पण वरच्या बाजूने हवा खेळली पाहिजे. रात्री तबेल्यात उकिडवे बसून घोड्याच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर घोडाही तेच सोसतो आहे. खाली कोरडा पेंढा किंवा भाताचे तूस जाड पसरा आणि ओले रोज काढा. बंद तबेल्यात शेगडी किंवा टायर कधीही पेटवू नका. धुराने जनावर आणि माणूस दोघेही जातात, आणि गवताला एक ठिणगी पुरते.

थंडीच्या जाड केसांमुळे घोडा डोळ्यांना भरलेला दिसतो. म्हणून आठवड्यातून एकदा बरगड्यांवर हात दाबून बघा. थरथर, कानाची मुळे गार पडणे, वैरण सोडणे, लीद बंद होणे, पोटाकडे वळून बघणे, नाकातून घट्ट पिवळा स्राव येणे, ही लक्षणे दिसली तर घरगुती औषधात वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवा.

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशापर्यंतचे घोडे तिथे येतात. तिथून खरेदी करणाऱ्यांनी नवा घोडा दोन-तीन आठवडे जुन्यांपासून वेगळा बांधावा. त्याची बादली, तोबरा आणि झूल वेगळी ठेवावी. शेंबा म्हणजे ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, हे विसरू नये.

धंद्याची बाजू

२०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ६ लाख २५ हजार घोडे-तट्टे होती. २०१९ मध्ये ती ३ लाख ४० हजारांवर आली. मुंबईच्या व्हिक्टोरिया बग्ग्या २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने बेकायदा ठरल्या. म्हणजे घोडे कमी होत आहेत. पण जे उरले ते वरातीचे, रपेटीचे आणि हौसेचे आहेत आणि त्यांचे मालक जनावरावर खर्च करतात. आपल्या दर्जी, पिंजारी आणि खोगीर शिवणाऱ्या कारागिरांनी मापाची, धुता येणारी, अस्तर लावलेली झूल तयार केली तर गिऱ्हाईक मिळेल. घोंगडी विणणाऱ्याचा हातमागही त्यामुळे चालेल.

सूरह नहलमध्ये जनावरांपासून माणसाला मिळणाऱ्या उबेचा उल्लेख नेमतीत केला आहे, आणि पुढे घोड्याचेही नाव आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये रिवायत आहे की हुजूर (स.अ.स.) आपल्या चादरीने घोड्याचे तोंड पुसताना दिसले. ज्या जनावराच्या पाठीवर आपली रोजी आहे, त्याला कोरडे ठेवणे हा केवळ दयेचा नव्हे, हक्काचा मामला आहे. आणि मालाचा ऐब गिऱ्हाइकापासून न लपवणे ही दुकानदाराची जबाबदारी आहे. मला तो ऐब ठाऊक नव्हता, पण ठाऊक करून घेणे माझे काम होते.

त्या भाईंना मी पुढच्या हंगामात घोंगडीची झूल आणि फ्लीसची एक झूल शिवून दिली. पैसे घेतले नाहीत. आता दुकानात कोणी "सर्वांत जाड द्या" म्हणाले की मी आधी विचारतो, "भाई, घोडा रात्री किती वाजता घरी येतो, आणि आल्यावर ओला असतो की कोरडा?" कापड त्यानंतर काढतो.